पितळी सापाकडे बघताना

बायबलच्या जुन्या करारातल्या एका गोष्टीशी माझं कधी जमलंच नाही. बाकी सगळं पटायचं. वल्हांडण सणाला कापलेलं कोकरू म्हणजे प्रभू येशूच्या बलिदानाची आधीच पडलेली सावली, रानात आभाळातून पडलेलं अन्न, मान्ना, म्हणजे जीवनाची भाकर, हे आमच्या मंडळीत लहानपणापासून ऐकलेलं. पण मोशेने रानात पितळी साप खांबावर टांगला, साप चावलेल्या इस्राएल लोकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं की ते वाचायचे, आणि तो साप म्हणजे वधस्तंभावरचा तारणारा? छे! आम्ही पाथर्डीकडची माणसं. सापाची धास्ती काय असते ते आम्हाला विचारा. आमचे हे उपासनेत त्यावरच बोलणार होते, तेव्हा मी सरळ म्हटलं, "अहो, दुसरं काहीतरी घ्या. माझ्या प्रभूला सापाच्या जागी बसवू नका." हे नुसते हसले आणि बाजरी कापायला गेले.

मी भाकरी घेऊन शेतात पोचले, तर हे बांधावर पाय धरून बसलेले. "नाग हुता," एवढंच म्हणाले. कसंबसं यांना रस्त्यावर आणलं आणि येणाऱ्या जीपला हात केला. जीप खचाखच भरलेली. ड्रायव्हरने पाय बघितला आणि ओरडला, "उतरा समदे! थेट दवाखान्यात न्यायचंय." भर उन्हात सगळे उतरले, कुणी कुरकुर केली नाही. गाठोडं सांभाळत एक म्हातारी म्हणाली, "आमी येऊ मागनं, बाई. तू धन्याला घिऊन जा आधी." कोण कुठली ती माणसं! मी तर म्हणते, देवानेच पाठवली.

दवाखान्यात पोचेपर्यंत विषाने यांच्या पापण्या मिटल्या. उचलायला गेले तरी उचलेनात. सलाईन लागलं, आणि मी बाहेर बाकड्यावर बसून देवाशी भांडायला लागले. त्या इस्राएल लोकांना निदान बघता तरी येत होतं. यांना डोळे उघडता येईनात, यांनी कसं बघायचं?

सिस्टर जवळून चालली होती. मी विचारलं, "बाई, त्या बाटलीत काय देताय?"

"सापाचंच विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, मावशी. घोडा ते सोसतो. मग त्याच्या रक्तातून हे औषध काढतात," म्हणाली आणि घाईने आत गेली.

कुणीतरी विष अंगात घेतलं, सोसलं, म्हणून त्याच्या रक्तात माझ्या माणसाचा जीव! प्रभूला सापाच्या जागी बसवणारे आम्ही कोण? आमच्या पापाचं विष अंगावर घेऊन तो आपणहून तिथे चढला होता. वधस्तंभ कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हाच देवाने हे चित्र रानात उभं करून ठेवलेलं. केवढी त्याची योजना! मला भरून आलं. मी म्हटलं, "प्रभू, यांच्या वाटचं मी बघते. ठेव नाहीतर ने, पण तुझ्यावरची नजर मी काढणार नाही." मग भांडण संपलं आणि मी शांत बसले.

दिवस कलताना यांच्या पापण्या हलल्या. अर्ध्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेने म्हणाले, "लई अवतार झालाय गं तुझा." मी हसले की रडले, मलाच कळलं नाही.

देवाचे उपकार कुठल्या तोंडाने सांगू? यांनी काहीच केलं नव्हतं. नुसते पडून होते आणि दुसऱ्याच्या रक्ताने वाचले. प्रभूकडे बघेल तो जगेल, हे खरंच. पण यांना तर बघताही येत नव्हतं. तोच यांच्याकडे बघत होता.