रोडग्याच्या पंगतीत लेकीची जागा

हळद शिजवून झाली की आमच्या शेतात रोडग्यांचं जेवण असतं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, तुपात चुरायचे, वर वरण ओतायचं आणि आंब्याखाली पंगत बसवायची. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तरी हे जेवण तिनं कधी चुकवलं नाही. यंदा मात्र बाळंतपण जवळ आलेलं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. "माझ्याबिगर बसून राहिले न तुमी पंगतीला?" एवढंच ती फोनवर म्हणाली.

मी ठरवलं, तिला सगळं दाखवायचं. व्हिडिओ कॉल लावला आणि लग्नातल्या फोटोवाल्यासारखा थेट कडब्याच्या ट्रॉलीवर चढलो. काय देखावा होता! समोरासमोर दोन रांगा, आराचा धूर, एका अंगाला वाळत घातलेली पिवळीजर्द हळद.

"दिसून राहिलं का बराबर?"

"तुमचं नाक दिसून राहिलं, बाबा."

कॅमेरा फिरवला.

"आता?"

"आता डोकी. काकाचं टक्कल वाढलं." मग म्हणाली, "काहून वर चढले तुमी? गच्चीवरून शेजाऱ्याचं लग्न पाहिल्यावानी वाटून राहिलं."

मी हिरमुसून उतरायला गेलो, तर पाय कडब्यात रुतला. माझ्याआधी फोन खाली पोचला, तोही पंगतीत, भावाच्या मांडीशी. मांडी घालून बसलेला माझा भाऊ जेवणाआधी उठणाऱ्यांतला नव्हे. त्यानं फोन उचलला, पुसला आणि शेजारच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी धावत जाऊन हात घातला, तर फोनच ओरडला, "बाबा, हलवू नका! बराबर हाय!"

काय बराबर आहे ते बघायला मी जमिनीला गाल लावला. भावाचा गुडघा होता, अर्धी पत्रावळ होती. माझा देखावा कुठंच नव्हता. पण रांगेतून वाढत येणारी बायको दर पावलाला मोठी होत होती, आणि अखेर थेट माझ्यावर वाकली.

"अहो, आडवे काहून पडले? उठा, लेकराला वाढू द्या."

तिनं फोनपुढं पत्रावळ मांडली, रोडगा ठेवला. "अजून एक घालू का गं?"

"अर्धाच, आई. वरण जास्त."

आईनं जास्तच घातलं. निम्मं फोनवर गेलं. पिवळ्या पडद्यामागून आवाज आला, "तूप राहिलं की!"

मग मी भावाला म्हणालो, "सरक जरा," आणि तिच्या शेजारी बसलो. सगळ्यांचं जेवण उरकत आलं, तरी तिचं पान तसंच होतं. अन्न टाकू नये म्हणून मी हळूच हात पुढं केला.

"बाबा," फोन म्हणाला, "तो माझा रोडगा हाय."