साताऱ्याच्या डोंगरावरचा मुरूम

"डोंगराची वाट कशी हाय?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी "एकदम पक्की" असं ठोकून दिलं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं ठाऊक असतं, असा तोवर माझा समज होता. त्या वाटेनं मी कचेरीतल्या मंडळींबरोबर एकदाच गेलो होतो, तेही श्रावणात. तेव्हा माती ओली होती, पाय घट्ट बसत होता. आता चैत्र होता.

मुकुंदवाडीहून सकाळीच निघालो. हा सातारा म्हणजे आमच्या शहराशेजारचं गाव, जिल्ह्याचा सातारा नव्हे. त्याच्या डोंगराच्या पायथ्याशी स्कूटर लावली आणि चढायला लागलो. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी दहा पावलं पुढं, ती मागं. अर्ध्या डोंगरावर वाट आडवी होते. उजवीकडे खडक, डावीकडे घळ आणि मध्ये जेमतेम पाऊलभर जागा. उन्हानं माती सुटून गेली होती, वर नुसता मुरूम उरला होता, खळ्यात ज्वारी सांडल्यासारखा. पहिल्याच पावलाला माझा पाय सरकला. आधाराला वाळलेलं गवत धरलं, तर ते मुळासकट हातात आलं.

खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण बायकोसमोर माघार घ्यायची म्हणजे नाक कापल्यासारखं वाटलं. मी खडकाला छाती लावली, नजर पायांवर ठेवली आणि इंच इंच सरकत राहिलो. तिला "जपून ये" एवढंही म्हणालो नाही.

पलीकडच्या सपाट दगडावर पोचलो, घाम पुसला आणि मोठ्या ऐटीत मागं बघितलं. वाट रिकामी होती.

"अगं!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. घळीत बघायची हिंमत होईना. गंगापूरला जाऊन तिच्या वडिलांना काय सांगायचं, हेच आधी मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटते.

"हाय मी. खाली," तिचा बारीक आवाज आला. "उभं राहून येऊ नका. बसून या."

ढुंगणावर सरकत मी परत गेलो. वाटेखाली दोन-तीन हातांवर ती उतारावर पालथी पडली होती आणि एक बोराटीचं झुडूप तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या पायांखालून बारीक खडे घरंगळत होते. मी पोटावर पडलो, एका हातानं खडकाची खाच धरली आणि कमरेचा पट्टा काढून खाली सोडला. खाचेतला हात निसटला असता तर दोघंही गेलो असतो. ती पायाची बोटं मुरमात रोवत वर आली.

सपाट दगडावर तिला बसवलं आणि मग माझं डोकं सणकलं. "पडलीस तेव्हा तोंड नव्हतं का? हाक मारायची ना!"

ती तळहातातले बोराटीचे काटे काढत होती. "तुमी अगदी मधात होता," ती म्हणाली. "हाक मारली असती, तर गर्रकन वळला असता. मंग?"

"किती वेळ होतीस तशी?"

"तुमी दगडावर पोचस्तोवर."

वाटेत मध्येच मी खडकाला टेकून चांगला दम खात उभा राहिलो होतो, ते मला तेव्हा आठवलं. मला रडू फुटलं.