अनसूयाची जागा

देणगी देताना बाकावर नाव घालू नका, असं मी सांगितलं होतं. मुलांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या ताईंनी ते ऐकलं नाही. काल दुपारी वस्तीतल्या त्यांच्या वर्गात गेलो, तर नव्या बाकाच्या पाठीवर रंगानं आईचं नाव घातलेलं : ‘कै. अनसूया यांच्या स्मरणार्थ’.

बाकाच्या अगदी कडेला सात-आठ वर्षांची एक मुलगी अंग चोरून बसली होती. शेजारची जागा तिनं दप्तर ठेवून अडवली होती.

“नीट सरकून बस की,” मी म्हणालो.

“ही अनसूयाची जागा आहे.” एकेका अक्षराखालून बोट फिरवत तिनं नाव वाचून दाखवलं. पुढचे शब्द तिला अजून येत नव्हते. “ती रोज गैरहजर असते.”

मी त्या बोटाकडे बघत राहिलो. लहानपणी मी मोठ्यानं धडा वाचायचो तेव्हा आईही असंच ओळींखालून बोट फिरवायची. माझं पान संपायचं तरी तिचं बोट मधेच कुठेतरी असायचं. ते खाली पोचेपर्यंत मी पान उलटत नसे. स्वतःचं नाव तिला कधीच वाचता आलं नाही. तिच्या गावात तेव्हा कुणी असा एखादा बाक दिला असता तर.

ताई मुलीला समजावायला पुढे आल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं.

“खूप बुडालंय तिचं,” मुलगी म्हणाली. “आली की मीच शिकवीन.”