फिरत्या भिंगाचा कॅमेरा

गणपती उठल्यावर एक दिवस पौडच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला. तिथले एक शेतकरी माझ्या जुन्या ओळखीचे. नोकरीत असताना मी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मुळशीच्या बाजूला भटकायचो. तेव्हा एकदा पाणी मागायला त्यांच्या दारात थांबलो आणि मग दर वेळी थांबतच गेलो. मी काढलेला एक लांबलचक फोटो त्यांच्या ओटीवर अजून आहे. त्यात त्यांचं सगळं शेत आहे, मागं डोंगर आहे आणि बांधावर ओळीनं उभी राहिलेली घरची माणसं आहेत.

"सायेब, जमीन इकली," ते म्हणाले. "आमा भावाभावांचं ठरलं. भात काढलं का कुंपन पडंल. त्याच्या आदी एकदा या आन् तसलाच फोटो काढा."

"आता मोबाईलवर निघतो की तसा."

"पोरांनी काढला. त्यात पुतनीला तीन हात आल्यात. तुमच्या त्या फिरत्या कॅमेऱ्यातला पायजे."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "सांगायचं होतं त्यांना."

सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. कॅमेरा बंद पडून बरेच महिने झाले होते, आणि माझ्या उजव्या हाताला कंपवात झाला होता.

तो कॅमेरा मी जुन्या बाजारातून घेतला तेव्हाच म्हातारा होता. त्याचं भिंग एका उभ्या नळकांड्यात बसवलेलं आहे. बटण दाबलं की स्प्रिंगच्या जोरावर नळकांडं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरतं आणि मागच्या फटीतून प्रकाश फिल्मवर पसरत जातो. म्हणून फोटो एवढा लांब येतो. मात्र ते एकसारखं फिरावं लागतं. मध्ये अडखळलं की फोटोत उभे पट्टे उमटतात. पुण्यात हे यंत्र समजणारे एकच गृहस्थ होते. ते वारले, आणि त्यांच्या दुकानात आता सीसीटीव्ही मिळतात. तसंही अलीकडे मीच तो उघडून साफ करायचो. मी ड्राफ्ट्समन होतो. बारीक कामाची मला कधी भीती वाटली नव्हती.

भूगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि बसलो. पहिलाच स्क्रू. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेवर टेकायचं, पुढच्या क्षणी बाजूला घसरायचं. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं. कोपर टेबलाला टेकवून पाहिलं. झाकणावर ओरखडे तेवढे उठले. जेवढं मनावर घेतलं तेवढा हात जास्त हलायला लागला.

बायको भाजी निवडत होती. ती उठली, हात धुऊन आली आणि शेजारी बसली. "द्या इकडे. काय करायचं ते सांगा."

तिला या कॅमेऱ्यात कधीच रस नव्हता. तरी तिनं चष्मा सारखा केला आणि मी सांगत गेलो.

"हळू."

"हळूच करतेय."

"जरा दाबून फिरव."

"एकदा हळू म्हणता, एकदा दाबून म्हणता. एक काय ते ठरवा."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. काय चुकतंय ते मला दिसत होतं, पण तिथपर्यंत शब्दच पोचू शकत होते, आणि शब्द अपुरे पडत होते. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. कापसाच्या काडीनं तिनं ते पुसून काढलं, सुईच्या टोकावर घड्याळाच्या तेलाचा थेंब घेऊन मी दाखवलं तिथं सोडला. संध्याकाळी बटण दाबलं तर नळकांडं किर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. ती हसून माझ्याकडे बघायला लागली. मीही हसलो, पण मला आनंद असा झाला नाही.

रविवारी तिनंच गाडी चालवली. भात पिवळं पडलं होतं. घरची माणसं इस्त्रीचे कपडे घालून बांधावर उभी राहिली. स्टँड रोवला, फिल्म तिनं भरली, कॅमेरा सपाट बसवला. बटण तरी आपण दाबावं म्हणून मी पुढं झालो. बोट लागलं तसा सगळा कॅमेराच हलला. नळकांडं निम्म्यापर्यंत गेलं आणि थांबलं.

"झाला का?" बांधावरून कुणीतरी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो.

खटका ओढून ते परत फिरवायचं होतं. अंगठा खटक्यावरून दोनदा सुटला. सगळे उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता इथून निघून जावं. तेवढ्यात ते शेतकरी बांधावरून उतरले, घरात गेले आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. ती त्यांनी कॅमेऱ्याच्या मागं ठेवली.

"सायेब, तुमी हितं बसा. वैनी करत्याल."

एवढंच बोलले आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मी बसलो. फिल्म संपेपर्यंत बायको फोटो काढत राहिली. "त्या टोकाच्या ताई, थोडं आत या," असं सांगत राहिली. मला एकदाही काही सांगावं लागलं नाही.

फिल्म धुऊन आली तेव्हा बहुतेक फोटो पट्ट्यांनी गेले होते. एकात पट्टे फक्त आभाळावर होते, माणसं स्वच्छ आली होती. कोपऱ्यात बायकोचं बोट आलं होतं. तोच मोठा करून घेतला.

तो द्यायला गेलो तेव्हा शेतात सिमेंटचे खांब रोवून झाले होते. त्यांनी फोटो उजेडात धरून पाहिला.

"ह्ये पट्टं कशाचं?"

"मशीन अडकतंय. आता नीट होईल असं वाटत नाही."

"आन् बोट?"

"माझं," बायको म्हणाली. "कॅमेरा धरून ठेवला होता."

"ऱ्हाऊ द्या. समदी हायेत ह्यात."

त्यांनी तो जुन्या फोटोखाली भिंतीला टेकवून ठेवला. जुना या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा होता. मी दोन्हींकडे पाहत बसलो.

मग त्यांच्या मंडळींनी चहा आणला. सगळ्यांचे कप काठोकाठ होते, माझा अर्धाच होता. मी तसं सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी धरून मी तो संपवला, तेव्हा त्यांनी आणखी अर्धा ओतला.