अॅम्बेसेडरमधला मोहाचा वास

हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, पांढरी अॅम्बेसेडर होती. सिंदेवाहीच्या आसपास नवरदेव तिच्यातूनच निघायचा. मागे चौघं ऐसपैस, खड्डा आला तर नुसती डुलायची. आणि माझी? नवी, छोटी, लाल. थंडगार एसी, पेट्रोल कमी, गल्लीत एका दमात वळणारी. सरस कोणती, सांगा ना? तरी पाहुणे हात फिरवायचे त्या डबड्यावरच. शेड एकच — माझी गाडी उन्हात तापायची.

मी कामं उरकणारी बाई आहे. अडगळ मला सहन होत नाही.

उन्हाळ्यात बाबा जंगलालगतच्या गावांतून मोहफुलांची पोती डिकीत घालून बाजारात आणायचे — वेचणाऱ्या बायकांची पायपीट वाचावी म्हणून. तो दारूसारखा आंबूस-गोड वास सीटमध्ये मुरायचा. स्वतः बाबा? दारूचा थेंब नाही कधी.

एकदा मूल गावचे एक गृहस्थ भाच्याच्या वरातीसाठी गाडी ठरवायला आले. आत डोकावले, मग हळूच माझ्याकडे वळले. "वैनी, बुढा घेत असते का जी? गाडीत लय वास येऊन राह्यला."

गाडीतून मोहफुलं आणतात — एवढंच म्हणायचं होतं. नाही का? मी पदर सारखा केला. "आता काय सांगू भाऊ... घरचीच गोष्ट आहे."

खोटं बोलले का? शब्दाने नाही. म्हणून तर ते इतकं छान जमलं.

पुढच्या लगीनसराईत कोणी फिरकलं नाही. बाबा रोज गाडी पुसायचे. "काऊन येऊन नाई राह्यले लोकं, सूनबाई?" मलाच विचारायचे. "जुनी झाली ना बाबा. लोकांले आता छोटी गाडी पाहिजे." भंगारवाल्याला फोन मीच केला.

इथे थांबले असते तर — पण नाही. गाडी गेल्यावर एका लग्नातून बाबा जेवण टाकून परतले. पंगतीत कोणीतरी काही बोललं होतं. मोरीवर बराच वेळ चुळा भरल्या. मग माझ्यासमोर येऊन, लहान मुलासारखं तोंड उघडून — "सूनबाई, खरं सांग. माह्या तोंडाले वास येते का?"

मी वाकून हुंगलं. काहीच नव्हतं.

"थोडा येते, बाबा."

मला आता त्यांच्याकडून काहीही नको होतं. तरी म्हणाले. त्यानंतर ते कोणाशीही बोलताना तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा धरायचे — शेवटच्या आजारात, डॉक्टरांसमोरसुद्धा.