हलगी शेकताना

महापालिकेच्या दारात सफाई कामगार बायका धरणं धरून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी गायला म्हणून गेलो होतो. गिटार जुळवत होतो, तेवढ्यात त्यांच्यातल्याच, साथीला बसलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या, "थांबा दादा, कातडं सैल पडलंय." त्यांनी वर्तमानपत्र पेटवलं आणि हलगी त्याच्यावर फिरवून फिरवून शेकली.

माझे वडील अशीच शेकायचे. कापडगिरणीतून आले की वस्तीत गायचे, स्वतः रचलेलं. मी उमेदीची वर्षं रॉक गाण्यात घालवली. पुढे ब्लूजच्या नादी लागलो, तेव्हा अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांचं दुःख रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकलं. तोच कापूस वडिलांच्या केसांतून रोज आमच्या घरात यायचा, हे काही ध्यानात आलं नाही.

टीव्हीवरच्या मुलाखतीत एकदा विचारलं, घरात कोणी गायचं का? मी म्हणालो, "नाही, कोणीच नाही." वडील ती मुलाखत बघत होते. घरी गेलो तर एवढंच म्हणाले, "शर्ट चांगला दिसत होता." त्यानंतर मी त्यांना कधी गाताना ऐकलं नाही.

आता त्यांचीच गाणी गातो. लोक म्हणतात, मातीकडे वळलो. वळलो खरा, पण माणूस गेल्यावर.

गाणं संपलं तशा सुशीलाबाई म्हणाल्या, "कुणाचं हो हे?"

"माझ्या वडिलांचं."

"मग त्यांना आणायचं की. त्यांच्याच तोंडून ऐकलं असतं."

ते आता नाहीत, एवढंच सांगितलं. होते तेव्हाही मी त्यांना आणलं नसतं, हे काही सांगवलं नाही.