न लढता मिळालेलं सुवर्णपदक

कॉलेजच्या पहिल्या वर्षी खेळाच्या सरांनी मला कॅन्टीनसमोर अडवलं. "बॉक्सिंग खेळतं का?"

माझ्या तोंडात वडा होता. "मले येत नाही, सर."

"कोणाले येते? वजन किती हाय तुयं?"

ते मला ठाऊक नव्हतं. कॉलेजचा काटा बिघडलेला, म्हणून सर मला शेलूबाजारच्या एका भुसार दुकानात घेऊन गेले. हमालानं सोयाबीनचं पोतं उतरवलं, मला काट्यावर चढवलं आणि ओरडला, "ब्याऐंशी!" सरांनी आनंदानं दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. मुलींच्या सर्वांत जड गटाला एक्क्याऐंशीच्या वर वजन लागतं, हे मला नंतर कळलं.

दोन महिने मी सरांच्या अंगणात कडुनिंबाला टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारले. मग अकोल्याला विद्यापीठाची स्पर्धा झाली. माझ्या गटात दुसरी कोणी आलीच नाही. रेफ्रीनं माझा हात वर केला आणि गळ्यात सुवर्णपदक पडलं.

गावात बाबांनी डफडं बोलावलं. चारचौघांत त्यांनी विचारलं, "किती राउंड झाले?"

"तीन," मी म्हणाले.

"आन् समोरची?"

"पडली."

इतकं सहज खोटं बोलता येतं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या वर्षी समोरची खरोखर आली. अकोल्याचीच, माझ्यापेक्षा वीतभर उंच. बाबा जीपभर माणसं घेऊन आले होते. तिचा पहिलाच ठोसा नाकावर बसला आणि मला दोन रेफ्री दिसू लागले. तिन्ही राउंड मी उभी राहिले, एवढंच. हरले.

परतताना वाटेत, आमच्या भागातल्या मालेगावला चहासाठी थांबलो, तेव्हा मी बाबांना बाजूला नेलं. "बाबा, मागच्या वर्षी कोणीच आलं नव्हतं. मी लढलेच नाही."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मालूम हाय मले. सरनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं."

"मंग वर्षभर गप काहून राह्यले?"

"तुया तोंडून आयकाचं होतं. आता हे सांग, नाक लय दुखून राह्यलं का?"

मला रडू यायचं ते हसूच आलं.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच समोर होती. लांबून मी तिला पुरी पडणार नव्हते, म्हणून हनुवटी खाली घालून तिच्या हातांच्या आत शिरले आणि बरगड्यांवर मारत राहिले. शेवटच्या राउंडमध्ये तिचे हात खाली आले. निकाल माझ्या बाजूनं लागला. बाबा खुर्चीवर चढून नाचले. मागच्यांना काही दिसेना, म्हणून त्यांना खाली ओढावं लागलं.

पुढे राज्य स्पर्धेत दोनदा रौप्य मिळालं, मग खांदा निखळला आणि खेळ सुटला. आज मी मालेगावात मुलींना शिकवते. अकोल्याची ती पोलिसात आहे. दिवाळीला तिचा फोन येतो आणि दरवेळी ती सांगते, "तो निकाल चुकीचाच होता, बरं."

मी म्हणते, "ये जेवाले. आंगणात पुन्हा खेळून पाहू."

ती अजून आलेली नाही.